तुटक्या दाताची हजेरी

उपेंद्र पिंपळापुरेचं ठाम मत होतं की जगातल्या कुठल्याही अडचणीला एक कार्यपद्धती असते आणि ती एका पानावर मावते. परदेशात, लिक्सलिप गावातल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात तो गेली सोळा वर्षं हेच करत होता. पांढरा झगा चढवताना आधी टोपी की आधी मोजे, हातमोजे एकावर एक किती, आतलं दार उघडायच्या आधी किती सेकंद थांबायचं, हे सगळं तो लिहून काढायचा आणि शेकडो माणसं ते निमूटपणे पाळायची. घरी त्याच्याशिवाय तीन माणसं होती: बायको सानिका, दहा वर्षांची ईशा आणि गेल्या वर्षी नागपूरहून आणलेली आई. ही तिन्ही माणसं त्याची एकही कार्यपद्धती पाळत नसत. तरी त्याने धीर सोडलेला नव्हता.

अडचण आईच्या दातांची होती. म्हणजे दात उत्तमच होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शोभनाबाई स्वतःच्या दातांनी भाजलेले चणे खात, आणि ज्यांच्याकडे चणे आहेत पण दात नाहीत अशा मंडळींकडे किंचित तुच्छतेने बघत. अडचण ही की त्या दिवसातून सात वेळा दात घासत. घासून खाली आल्या, टेबलावरचा चहाचा कप दिसला, की त्यांना वाटे, अगं बाई, दात घासायचे राहिलेच. मग परत जिना चढून वर. त्यांचं विसरणं हा आजार होता आणि त्याला डॉक्टरी नावही होतं, पण ते घरात कुणी उच्चारत नसे. ‘आईंचं हल्ली जरा असं होतंय’ एवढंच सानिका म्हणे. त्या ‘असं’मध्ये नागपूरच्या घराचा पत्ता गेला होता, आजची तारीख गेली होती, उपेंद्रचे वडील वारले हेसुद्धा गेलं होतं. दात घासायचे, हे मात्र पक्कं राहिलं होतं.

ते राहणारच. नागपूरच्या पालिकेच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं तिसरीला शिकवलं. रोज प्रार्थना झाली की वर्ग ओळीने उभा राही आणि बाई प्रत्येकापुढे थांबून म्हणत, ‘आ कर.’ ज्याचे दात घासलेले नसत त्याची रवानगी मागच्या नळावर. तिथे बाईंच्या पर्समधली मंजनाची चिमूट तळहातावर मिळायची आणि सगळा वर्ग खिडकीतून ओरडायचा: ‘वरचे घास वरून खाली, खालचे घास खालून वर, मागच्यांना विसरू नको, शेवटी चूळ भर.’ ही कविता बाईंनीच रचलेली होती. शिक्षण खात्याने तिची दखल घेतली नाही याची खंत त्यांना निवृत्तीपर्यंत होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यावर उभा आहे. रोज सकाळी उपेंद्र स्वयंपाकघरात आला की शोभनाबाई दचकून बघत आणि विचारत, “आपण कोण?”

“आई, मी उपेंद्र.”

“उपेंद्र एवढा टकला काऊन असेल?” त्या म्हणत. आणि मग, जरा विचार करून, “आ कर.”

उपेंद्र वाकून आ करायचा. वरच्या समोरच्या दाताचा कोपरा तुटलेला होता. सातव्या वर्षी आईच्याच शाळेच्या आवारात, कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावरून पडून तुटलेला. शोभनाबाई त्या कोपऱ्यावर बोट ठेवत आणि त्यांचा चेहरा असा उजळे की बघत राहावं. “अगं बाई, तूच होय! किती रडला होतास रे. मी शाळा सुटेपर्यंत मातीत तुकडा शोधून राहिली होती. सापडलाच नाही.” मग उपेंद्रच्या टकलावर हात फिरे, चहा होई आणि घराचा दिवस सुरू होई.

उपेंद्रला याचं काही विशेष वाटत नसे. उलट कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो हा किस्सा रंगवून सांगे. ‘आमच्याकडे पासपोर्टवर भागत नाही, दात दाखवावा लागतो’ असं म्हणून स्वतःच हसे. हसताना ओठ मिटून घेई, कारण त्या दाताची त्याला लहानपणापासून लाज वाटे. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेव कुठल्याशा दुःखद बातमीची वाट बघत असल्यासारखा उभा आहे, तो याच कारणाने.

तर एका सकाळी सानिकाला बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसलं. आईंच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. सात वेळा, तेही शाळेची फरशी घासल्यासारखं खसाखसा घासल्यावर दुसरं काय होणार! उपेंद्रने त्याच दिवशी कार्यपद्धती लिहायला घेतली.

पहिली आवृत्ती म्हणजे बाथरूमच्या दारावर लावलेला तक्ता. आईला एकटीला वेगळं पाडल्यासारखं वाटू नये म्हणून त्याने घरातल्या चौघांची नावं घातली आणि प्रत्येकापुढे रोजची दोन घरं आखली: सकाळ आणि रात्र. ज्याने घासले त्याने बरोबरची खूण करायची, खूण दिसली की परत घासायचं नाही. तक्ता शोभनाबाईंना अतिशय आवडला. आखलेला कागद, नावांची यादी आणि दोरीला बांधलेलं लाल पेन बघून त्यांनी एका दृष्टिक्षेपात ओळखलं की हा हजेरीपट आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी बाथरूमच्या दारात उभ्या राहून हजेरी घेऊ लागल्या. प्रत्येकाने आ करायचा, मग त्या घरात सुंदर अक्षरात ‘हजर’ लिहीत. ईशा मैत्रिणीकडे झोपायला गेली त्या दिवशी तिच्या घरात ‘गैरहजर’ आलं. स्वतःच्या ओळीत मात्र त्यांनी काहीच लिहिलं नाही. मास्तरीण स्वतःची हजेरी या पटावर लावत नसते, हे उपेंद्रला कळायला हवं होतं.

“शी डिड इट अगेन, बाबा,” ईशाने अहवाल दिला. “लाइक, फाइव्ह टाइम्स. बट शी लव्ह्ज द चार्ट. इट्स ग्रँड.”

दुसरी आवृत्ती: ब्रश लपवणे. शोभनाबाईंनी सानिकाचा विजेवर चालणारा ब्रश घेतला, तोंडात घालायच्या आधीच चालू केला आणि पेस्टचे शिंतोडे छतापर्यंत उडाले. तिसरी आवृत्ती: घरातले सगळेच ब्रश लपवणे. त्यासाठी उपेंद्रने गरम पाण्याच्या टाकीचं कपाट निवडलं. त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात आणि त्यात टॉवेल वाळत घालतात. सकाळी ब्रश काढले तेव्हा उबेने सगळ्यांचे केस चारी दिशांना वळलेले होते. त्या दिवशी पिंपळापुरे कुटुंब बोटाने दात घासून कामाला आणि शाळेत गेलं. शोभनाबाईंनी मात्र मीठ आणि हळद घेऊन नऊ वेळा घासले.

एव्हाना गल्लीला बातमी लागली होती. मागच्या रांगेत लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले गुरुनाथकाका आपणहून सल्ला द्यायला आले. ते पुण्याच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि गुळण्या हा विषय आपल्याच खात्यात येतो अशी त्यांची समजूत होती.

“अहो पिंपळापुरे, ब्रश बंदच करा,” काका म्हणाले. “तिळाचं तेल. कोमट करायचं, तोंडात धरायचं, खुळखुळवायचं, दहा मिनिटांनी टाकायचं. हिरड्या अशा होतात!” आणि त्यांनी मूठ आवळून दाखवली. त्यांच्या स्वतःच्या तोंडात वर आणि खाली कवळी होती, पण ते विचारणं बरं दिसलं नसतं.

शोभनाबाईंनी तेल तोंडात धरलं. दहा मिनिटं उपेंद्र घड्याळ लावून समोर बसला. घड्याळ वाजलं तेव्हा तोंडात तेल नव्हतं. पुढचे दोन दिवस काय झालं ते सांगण्यासारखं नाही. सानिका उपेंद्रशी फक्त ईशामार्फत बोलत होती.

शेवटी मोरा नावाच्या शेजारणीने सरळ प्रश्न विचारला. ही सत्तरीची बाई एकटी राहायची आणि कुंपणावरून शोभनाबाईंशी तासन् तास बोलायची. ही इंग्रजीत, त्या मराठीत, आणि दोघींचं काही अडत नसे. “तिला दातांच्या डॉक्टरकडे का नेत नाही तू?” मोरा म्हणाली. साधी गोष्ट होती. एका पानावर मावत नसल्यामुळे ती उपेंद्रच्या लक्षात आली नव्हती.

साधी गोष्ट, असं आपण म्हणतो. पहिल्या दवाखान्यात नवीन पेशंट घेत नव्हते. दुसऱ्यात घेत होते, पण जानेवारीपासून, आणि अजून मे चालू होता. तिसऱ्याने पत्त्याचा पुरावा म्हणून आईच्या नावाचं विजेचं बिल मागितलं. जी बाई स्वतःच्या मुलाला दात बघून ओळखते तिच्या नावावर वीज कशी घेणार? चौथ्या ठिकाणच्या फोनवरच्या मुलीने मात्र वाट दाखवली. नवीन पेशंट नकोत, पण जुन्या पेशंटच्या घरचे चालतात. आणि जुना पेशंट कसं व्हायचं? तर एकदा तपासून घ्यायचं. उपेंद्रला पगारदार म्हणून वर्षातून एक तपासणी फुकट होती, जी त्याने सोळा वर्षांत एकदाही घेतली नव्हती. आईचे दात दाखवायचे म्हणून तो स्वतःच खुर्चीत आडवा झाला.

डॉक्टर ओर्ला मृदू बोलणारी बाई होती. तिने आरसा घालून पाहिलं, आकडे मोठ्याने सांगितले आणि मदतनीस मुलीने ते लिहून घेतले.

“दातांच्या मधून दोरा फिरवता का रोज?”

“अधूनमधून,” उपेंद्र म्हणाला.

“शेवटचा कधी?”

“दिवाळीत.”

दिवाळी म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं, त्यामुळे तो खोटेपणा आणखी लांबला. मग तिने शांतपणे सांगितलं की त्याच्या हिरड्यांना सूज आहे. तो जोर लावून आडवं घासतो, मागच्या दाढांपर्यंत पोचतच नाही. मऊ ब्रश घ्यावा, हिरडीच्या कडेला तिरका धरावा, दोन मिनिटं, दोन वेळा, हलक्या हाताने, वरचे वरून खाली आणि खालचे खालून वर. चौतीस वर्षं नागपूर शहराचे दात तपासणाऱ्या बाईंचा एकुलता एक मुलगा मागच्यांना विसरला होता, आणि ते परक्या देशात, दिव्याच्या झोतात, एका मदतनीस मुलीसमोर उघड झालं होतं.

त्या अपमानाच्या भरात डॉक्टर ओर्ला सहज म्हणाली, “समोरच्या दाताचा हा कोपरा भरून देऊ का? आत्ता वेळ आहे. वीस मिनिटं लागतील.”

माणसाला एका बाबतीत कमीपणा आला की दुसऱ्या बाबतीत काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. उपेंद्र हो म्हणाला. वीस मिनिटांनी त्याने आरशात पाहिलं तर चाळीस वर्षांपूर्वी नागपूरच्या मातीत हरवलेला तुकडा जागच्या जागी होता. घरी येईपर्यंत तो रस्त्यातल्या प्रत्येकाकडे बघून हसत होता. सानिकाने दारातच तोंडावर हात ठेवला. मग तिने त्याला सोफ्यावर बसवून फोटो काढले, लग्नात राहिलेले सगळे. भांडण मिटलं. आईची वेळ पुढच्या महिन्यात मिळाली होती. त्या रात्री उपेंद्रला वाटलं, आपली कार्यपद्धती अखेर जमत चालली आहे.

सकाळी तो खाली आला.

“आपण कोण?” आईने विचारलं.

“आई, मी उपेंद्र.”

“आ कर.”

त्याने मोठ्या हौसेने आ केला. “आई, बघ, तुकडा सापडला!”

शोभनाबाईंनी वाकून पाहिलं. मग चष्मा शोधला, तो घालून परत पाहिलं. दातावरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. “कसला तुकडा?” त्या म्हणाल्या. हात पदराला पुसून त्या मागे सरकल्या आणि अगदी अदबीने बोलल्या. “छान आहेत हो दात तुमचे. रोज घासता वाटतं. बसा ना. उपेंद्र येईलच एवढ्यात.”

दात पाहिल्यावरही आई त्याला अहो-जाहो करत होती, हे पहिल्यांदाच घडत होतं. उपेंद्रने आपला जन्म, शाळा, झोका, वडिलांची स्कूटर, सगळं सांगून पाहिलं. दातांच्या कण्या केल्या म्हणायला हरकत नाही, फक्त दात या वेळी फार गुळगुळीत होते. शोभनाबाई सगळं ऐकून घेत होत्या आणि मधूनमधून “हो का?” म्हणत होत्या. त्यांनी त्याला स्वतः चहा करून दिला, कपबशीतून, पाहुण्यांना देतात तसा. मग वर जाऊन हजेरीपटावर उपेंद्रच्या नावापुढे लिहिलं, ‘गैरहजर’.

दोन दिवसांत हे निवळेल असं सानिका म्हणाली. ते वाढलं. चौथ्या दिवशी शोभनाबाईंनी सानिकाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ते गृहस्थ अजून गेले नाहीत का गं? चांगल्या घरचे दिसतात, पण किती दिवस राहायचं म्हणते मी!” सहाव्या दिवशी त्यांना भीती वाटायला लागली. तो खोलीत आला की त्या ईशाचा हात धरून ठेवीत. उपेंद्र मग आपलं ताट घेऊन गॅरेजमध्ये जेवू लागला. ईशा तिथे येऊन त्याच्यासमोर कपड्यांच्या टोपलीवर बसायची. “शी इजन्ट बीइंग मीन, बाबा,” ती म्हणायची. “शी जस्ट मिसेस यू.” त्याला माहीत होतं, आणि म्हणूनच ताट अर्धं तसंच राही.

त्या शनिवारी सानिका आणि ईशा पोहायला गेल्या होत्या. उपेंद्र कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर गेला आणि मागे दाराला आतून कडी लागली. पाऊस भुरभुरत होता. त्याने खिडकीच्या काचेवर टकटक केलं. पडदा सरला आणि आईचा चेहरा दिसला. “उपेंद्र घरी नाही,” त्या काचेआडून मोठ्याने, पण सभ्यपणे म्हणाल्या. “नंतर या.” तो तिथेच उभा राहिला, कारण जायला दुसरीकडे जागा नव्हती. तेव्हा शोभनाबाई मागच्या दाराने कुंपणापाशी गेल्या आणि मोराला काहीतरी म्हणाल्या. मराठी येत नसली तरी घाबरलेली बाई मोराला कळत होती. ती नातवाची हर्लिंगची, म्हणजे इथल्या हॉकीसारख्या खेळाची, काठी खांद्यावर घेऊन पुढच्या दाराशी धावत आली. “ए, तू कोण रे?” असं ओरडून तिने काठी उगारली आणि तशीच थांबली.

“मीच आहे, मोरा,” उपेंद्र म्हणाला.

मोराने काठी खाली केली. त्याला आपल्या घरी नेऊन टॉवेल दिला, चहा दिला आणि टीव्हीचा आवाज मुद्दाम वाढवला, म्हणजे चाळिशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला मोकळेपणाने रडता यावं. तो रडला. आपण हौसेने हात दाखवायला गेलो आणि अवलक्षण पदरात घेऊन आलो, हे तिला इंग्रजीत कसं सांगायचं ते त्याला सुचेना.

आणखी एक गोष्ट झाली होती, जी त्याच्या लक्षात उशिरा आली. आईने दात घासणं थांबवलं होतं. सात वेळा नाही, दोन वेळा नाही, एकदाही नाही. सानिका ब्रश हातात देई तर त्या म्हणत, “उपेंद्र येऊ दे, मग दोघं मिळून घासू.” आणि पुढच्या खिडकीत जाऊन बसत. तिथून स्टेशनकडून येणारा रस्ता दिसतो. हिरड्यांचं रक्त थांबलं होतं. प्रकल्प, म्हटलं तर, यशस्वी झाला होता.

आता तो तुकडा काढायचा, एवढा एकच विचार उपेंद्रच्या डोक्यात राहिला. डॉक्टरबाईने सांगितलं होतं की कडक काही चावू नका, निघेल. उपेंद्रने ब्लँचर्डस्टाउनला डबे करणाऱ्या स्नेहलताबाईंकडून सगळ्यात कडक चिक्की, खारीक आणि एक अख्खी सुपारी आणली. “कुणासाठी हो?” त्यांनी विचारलं. “देवाला,” तो म्हणाला. गॅरेजमध्ये बसून त्याने समोरच्या दाताने चिक्की फोडली, खारीक फोडली, सुपारीवर तर पंधरा मिनिटं घालवली. समोरचा दात तसूभर हलला नाही. सुपारी सरकून मागे गेली आणि मागची दाढ कडाडून मोडली.

डॉक्टर ओर्लाकडे तो गाल धरूनच पोचला. तिने दाढ पाहिली, तात्पुरती बुजवली आणि मग त्याने दुसरी विनंती केली. समोरचा तुकडा काढून टाका. पहिल्यासारखं तुटकं करा.

“काही दुखतंय का तिथे?”

“नाही.”

“रंग आवडला नाही?”

“रंग चांगला आहे.”

इथे नियम असा की चांगलं केलेलं काम काढायचं तर पेशंटने अर्जावर कारण लिहून सही द्यावी लागते. उपेंद्रला आयुष्यभर अर्ज आवडत आले होते. कारखान्यात कारणांच्या रकान्यात तो सुरेख वाक्यं लिहायचा. इथे त्याने एवढंच लिहिलं: माझी आई मला ओळखत नाही. काउंटरवरच्या मुलीने ते वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि इथल्या सवयीप्रमाणे ‘ग्रँड’, म्हणजे ‘ठीक’, म्हणायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

डॉक्टर ओर्लानेही तो अर्ज वाचला. तिने छोटं यंत्र फिरवलं आणि पाच मिनिटांत त्या पांढऱ्या तुकड्याची पूड झाली. उपेंद्रने जीभ फिरवून पाहिली. तोच खडबडीत कोपरा. निघताना तिने त्याच्या हातात दोन मऊ ब्रश ठेवले. “एक तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “माझे आजोबा शेवटी आम्हाला कुणालाच ओळखत नसत. पण गाईचा आवाज आला की उठून बादली शोधायचे. तुमच्या आईचं असं जे काही उरलं असेल ना, त्याच्या आसपास राहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उपेंद्र खाली आला तेव्हा शोभनाबाई खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं, पण ‘आपण कोण’ असं विचारलं नाही. गेल्या अकरा दिवसांत त्यांनी ते विचारणंही सोडलं होतं. उपेंद्र त्यांच्यासमोर खाली बसला. ‘आई’ म्हणायचं ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

“बाई,” तो म्हणाला, “दात तपासायचे ना?”

शोभनाबाईंची पाठ ताठ झाली. पदर सारखा झाला. “आ कर,” त्या म्हणाल्या.

त्याने आ केला. आईचं बोट दातांवरून सरकत त्या कोपऱ्याशी आलं आणि थांबलं. चेहरा उजळला, अगदी पहिल्यासारखा.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाचाही अस्साच आहे रे दात. हाच दात. झोक्यावरून पडला होता.” त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, कौतुकाने पाहिलं, जसं दुसऱ्याच्या पोराकडे बघतात. “तू नको रडू. तुझ्या आईने तुकडा शोधला असेल ना?”

“खूप शोधला,” उपेंद्र म्हणाला.

“घासले का दात?”

“नाही, बाई.”

“काऊन नाही? चल.”

त्या पुढे आणि तो मागे, असे दोघं जिना चढले. बेसिनपाशी उपेंद्रने दोन मऊ ब्रश काढले, दोन्हींवर पेस्ट लावली. एक त्यांनी घेतला, कारण पोरांना करून दाखवल्याशिवाय येत नाही. हलक्या हाताने, हिरडीच्या कडेने, ओळी म्हणत म्हणत त्या घासू लागल्या आणि आरशात बघून तोही घासू लागला. वरचे वरून खाली, खालचे खालून वर. “मागच्यांना विसरू नको,” त्या थांबून म्हणाल्या, कारण तो विसरला होता. डॉक्टरबाईने सांगितलेली दोन मिनिटं कधी झाली ते कळलं नाही. बेसिनमध्ये फेस पांढराच होता.

मग त्यांनी चूळ भरली, पदराने ओठ टिपले आणि दारावरच्या हजेरीपटाकडे वळल्या. लाल पेन हातात घेतलं.

“नाव काय तुझं?”

“उपेंद्र.”

पेन नावांवरून खाली उतरलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबलं. त्या ओळीत अकरा दिवसांचे ‘गैरहजर’ एकापुढे एक, सुंदर अक्षरात लिहिलेले होते. शोभनाबाईंनी ते शेवटपर्यंत वाचले. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, पण वर्गात जसं माया लपवून बघायचं असतं तसं.

“इतके दिवस कुठे होतास?”

अकरा दिवसांचं उत्तर त्याच्याकडे होतं. परदेशातल्या सोळा वर्षांचं नव्हतं.

“असं न सांगता जायचं नसतं रे,” शोभनाबाई म्हणाल्या. “घरी आई वाट बघते.”

आणि त्यांनी बाराव्या दिवसाच्या घरात सावकाश, काना-मात्रा जपत लिहिलं: हजर.